छातीला आतून तेल

बुधवार, १८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार, उपवासकाळाची सुरुवात.

कपाळावर राख लावून घेतली आणि चर्चच्या पार्किंगमध्येच ठरवलं. घरी येऊन जाहीरही केलं. आजपासून सिगारेट बंद, दारू बंद.

दारूचं प्रकरण वेगळं आहे. तो वसईच्या रेमेदी माऊलीला केलेला नवस आहे. ऊर्मी, माझी नात, वेळेच्या फार आधी जन्मली. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती, नाकात नळी. फुफ्फुसं कच्ची आहेत म्हणाले. तेव्हा मी त्या काचेपाशी उभा राहून बोललो, माते, पोर घरी येऊ दे, तिच्या बाप्तिस्म्यापर्यंत मद्याचा एक थेंब या शरीरात शिरू देणार नाही. पोर घरी आली. आता पाळी माझी.

सिगारेटची अट विल्सनची, माझ्या मुलाची. बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी आहे. आमच्या घराण्यात बाळाला चर्चच्या दारापासून पाण्याच्या कुंडापर्यंत आजोबा उचलून नेतो. मला माझ्या आजाने नेलं, विल्सनला माझ्या बापाने. विल्सन म्हणाला, पप्पा, you stay clean, you carry her. सिगारेट दिसली तर व्हिव्हियनचे डॅडी नेतील.

व्हिव्हियन माझी सून. तिचे डॅडी म्हणजे माझे व्याही ज्युलियस, मूळचे ठाण्याचे, आता इथेच असतात. त्यांनी जन्मात सिगारेटला हात लावला नाही. त्यांच्याकडे बघून वाटतं की कशालाच लावला नसावा.

तोवर बाळाला दारातूनच बघायचं. धूर कपड्यांतही राहतो असं नर्सने सांगून ठेवलंय.

ठीक आहे. माणसाने एकदा मनावर घेतलं की विषय संपला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

विषय संपलेला नाही. जेवण मातीसारखं लागतं. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ दोनदा शोव्हल केला, मग शेजारणीचाही केला. ती पंजाबी बाई हिंदीत थँक्यू म्हणाली आणि माझ्याकडे संशयाने बघत दार लावून घेतलं.

एकदम सोडल्याने माणसाला काही होतं का, हे कुणाला विचारावं? आमच्या वाडीतल्या पास्कोलने सिगारेट सोडली आणि वर्षाच्या आत गेला. तो माडावरून पडून गेला, हे खरं. पण सोडली नसती तर दम लागून माडावर चढलाच नसता.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सकाळी मॉलमध्ये चालायला गेलो. बाहेर बर्फ असला की आम्ही म्हातारे तिथेच फेऱ्या मारतो. माझे जोडीदार हेमचंद्र, नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले, आता इथे कॅनडात मुलीकडे असतात. माझा चेहरा बघून म्हणाले, काय होऊन राहिलं इनासभाऊ, घरी कोणी गेलं की काय? मी सांगितलं. त्यांनी खिशातून पेनासारखी एक नळी काढली. वेप. मी म्हटलं, मला सिगारेट बंद आहे. ते म्हणाले, अहो, सिगारेटमध्ये धूर असते. ही वाफ आहे वाफ. इडलीला लागते तशी.

घरी येईपर्यंत विचार केला. विल्सनने सिगारेट म्हटलं होतं. वाफेबद्दल आमचं काहीच बोलणं झालेलं नाही. मुद्दाम विचारून पोराच्या डोक्याला ताप कशाला?

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

हेमचंद्रांनी त्यांची जुनी नळी दिली. वास भरलेल्या बाटल्या दुकानात मिळतात, पण नावंच अशी: मँगो आइस, कॉटन कँडी. सात इयत्ता शिकलेला का असेना, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने कॉटन कँडी ओढावी? हेमचंद्र स्वतः साधं, बिनवासाचं लिक्विड आणतात आणि केकमध्ये टाकतात तो व्हॅनिलाचा एसेन्स त्यात टाकतात. व्हिडिओ बघून शिकले.

मला विचाराल तर जगात ओढण्यासारखा वास एकच. सुकेळीचा. राजेळी केळी उन्हात वाळत घातली की तिसऱ्या दिवशी जो वास सुटतो तो. आयुष्यभर तेच केलं आणि वसईच्या बाजारात तेच विकलं. इथे लोकांना सुकेळी दाखवली तर विचारतात, हे काय, खराब झालेलं केळं?

सोमवार, २ मार्च

बेसमेंटमधल्या फळीवर व्हिव्हियनचा ख्रिसमस केकच्या सामानाचा खोका आहे. त्यात बनाना एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे केळ्याच्या एसेन्सची, छोटी बाटली मिळाली. थोडंसंच घेतलं, नळीतल्या बिनवासाच्या लिक्विडमध्ये टाकलं. घेतलं म्हणजे चोरलं नाही, घरातलीच वस्तू आहे.

गॅरेजमध्ये, विंटर टायर ठेवतो त्या कोपऱ्यात उभा राहिलो. पहिल्या झुरक्याला घसा असा जळला की डोळ्यांतून पाणी आलं. पण वास! अगदी सुकेळी नाही, पण सुकेळीची दूरची नातेवाईक म्हणता येईल.

जिन्यात व्हिव्हियन भेटली. नाक वर करून म्हणाली, पप्पा, केळं खाल्लं का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, छान, सिगारेटपेक्षा केळं बरं.

बघा. सुनेचाही आशीर्वाद आहे.

शनिवार, ७ मार्च

आता रोज केळं खावं लागतं. वास येणार आणि फळाच्या टोपलीतली केळी तेवढीच राहणार, हे व्हिव्हियनच्या लक्षात यायला वेळ लागणार नाही. ती अकाउंटंट आहे. काल तर मी दिवसभर खात होतो. शुगर वाढली असणार, तपासायचं धाडस नाही.

आज तिने प्रेमाने माझ्यासाठी बनाना ब्रेड केला. ज्युलियस आले होते, बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, व्याहीबुवा, तुम्ही एवढी केळी खाताय, डोहाळे लागले की काय? सगळे हसले. बाळही हसल्यासारखं वाटलं. मी दारात उभा राहून ब्रेड खाल्ला.

सोमवार, ९ मार्च

घात झाला.

बाटली संपत आली म्हणून दुसरी आणायची, तर नाव नीट वाचावं म्हणून भिंग घेतलं. नावाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, अल्कोहोल. नुसतं तेवढंच नाही, पाणी त्याच्या नंतर लिहिलंय. म्हणजे पाण्यापेक्षा दारू जास्त. पुन्हा वाचलं. भिंग पुसून वाचलं. खिडकीपाशी जाऊन वाचलं. तेच.

म्हणजे मी गेल्या सोमवारपासून रोज, ऐन उपवासकाळात, गॅरेजमध्ये उभा राहून दारू आत घेतोय. पीत नाही, ओढतोय, हा फरक माऊलीला सांगायची सोय नाही, कारण मी पिणार नाही असं म्हटलंच नव्हतं. शरीरात शिरू देणार नाही म्हटलं होतं. एवढं मोकळंढाकळं बोलायला मला कुणी सांगितलं होतं?

हे लिहीत असताना वरून आवाज आला. ऊर्मी शिंकली.

पुन्हा शिंकली.

मंगळवार, १० मार्च

बाळाला सर्दी. मला माहीत आहे का झाली. कुणालाच सांगू शकत नाही.

बाटली मोरीत ओतली. बेसमेंटभर वास सुटला. व्हिव्हियन वरून ओरडली, पप्पा, how many bananas!

बुधवार, ११ मार्च

बाळाला डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाली, काळजीचं काही नाही, घर तापवणाऱ्या फर्नेसमुळे खोलीतली हवा कोरडी झालीय, ह्युमिडिफायर लावा. विल्सनला बरं वाटलं. त्याला काय माहीत. डॉक्टरलाही नवसाचं कुणी सांगितलेलं नाही, मग तिचं निदान चुकणारच.

शनिवार, १४ मार्च. संध्याकाळ.

आज अटकच व्हायची होती. चर्चमधून, मिस्सेहून येताना पोलिसांनी रस्त्यात गाड्या थांबवल्या होत्या. एकेका ड्रायव्हरला यंत्रात फुंकायला लावत होते. विल्सन गाडी चालवत होता, मी मागे. मनात आलं, दारूचा अंश फुफ्फुसात किती दिवस राहतो? काच खाली झाली आणि मी श्वास रोखला. ते यंत्र गाडीतल्या गाडीत कुणाचाही श्वास पकडत असेल तर? पोलीस विल्सनशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसला. कॅनडात पोलिससुद्धा हवापाण्याबद्दल बोलतात. संपेना.

गाडी निघाल्यावर विल्सनने आरशात बघितलं आणि दचकला. पप्पा, are you okay? तुम्ही वांग्यासारखे दिसताय. मी म्हटलं, प्रार्थना करत होतो. तो म्हणाला, श्वास घेऊनही करता येते.

रविवार, १५ मार्च

महिन्यातली मराठी मिस्सा होती. नंतर चहाच्या वेळी फादरना बाजूला घेतलं. आडून विचारलं, एका माणसाने मद्य सोडलंय आणि त्याच्या केकमध्ये एसेन्स निघाला, त्यात मद्य होतं, तर? फादर हसले. म्हणाले, इनासबाबा, त्या माणसाला सांगा केक खा आणि देवाचे आभार माना. अजाणता झालं ते पाप नव्हे.

छातीवरचा दगड उतरला. केकबद्दल फादरनी स्पष्टच सांगितलं. वाफेबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही, म्हणजे त्यांचं त्याबद्दल वेगळं मत नसणार. मात्र यापुढे जाणूनबुजून व्हायचं नाही. यापुढे घ्यायचं ते बिनअल्कोहोलचंच.

घेणं बंद करावं असंही मनात येऊन गेलं. पण एका वेळी एकच व्रत करावं, नाहीतर दोन्ही मोडतात.

बुधवार, १८ मार्च

केकच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईला तीनतीनदा विचारलं, नो अल्कोहोल? शुअर? तिने बाटली दाखवली, बनाना, अल्कोहोल फ्री. गोळ्या-चॉकलेटं करणारे वापरतात म्हणे. तेलातली आहे.

हेमचंद्रांनी बाटली हातात घेऊन तोंड वाकडं केलं. म्हणाले, तेल नका टाकू हो यात. तो व्हिडिओवाला पोट्टा ओरडून ओरडून सांगते, तेल फुफ्फुसात जाऊ देऊ नका. मी म्हटलं, हेमचंद्रजी, तुमच्या व्हॅनिलात दारू आहे ते त्या पोराने सांगितलं होतं का? मग म्हणाले, चांगलं तर तेही नाही, पण तेल त्याहून वाईट. ऐका माझं.

शिकलेल्या लोकांचं हे असंच. साधी गोष्ट आहे. दारूने जळतं, तेलाने शमतं. सर्दी झाली की आई छातीला कोमट तेल चोळायची. आज सकाळीच व्हिव्हियन ऊर्मीच्या छातीला खोबरेल लावत होती, मी दारातून बघितलं. फुफ्फुसं कच्ची म्हणून लावते. सगळं जग छातीला बाहेरून तेल लावतं, मी आतून लावणार. जिथे हवं तिथेच पोचेल.

गुरुवार, १९ मार्च. संत योसेफाचा सण.

उत्तम! घसा अजिबात जळत नाही. कसं मऊ लागतं. ऊर्मीची सर्दीही गेली. माऊलीने ऐकलं.

रविवार, २२ मार्च

जरासा खोकला. थंडी गेल्यासारखी वाटते आणि पुन्हा येते, त्याचा असणार.

बुधवार, २५ मार्च

मी किचनमध्ये खोकलो आणि ज्युलियस बाळाला घेऊन असे पळाले की जणू गॅस फुटला. दुसऱ्या खोलीतून ओरडून म्हणाले, विल्सन, your father has something! व्हिव्हियनने माझं ताट, चादर आणि औषधं बेसमेंटमध्ये आणून ठेवली. हात जोडून म्हणाली, पप्पा, रागावू नका, तिला काही झालं तर मी नाही सहन करू शकणार. मी म्हटलं, बाय, मी कशाला रागवू. मलाही भीती वाटतेच की. मला तर तुझ्याआधी वाटते.

आता दारातूनही बघणं बंद. वरती तिच्या रडण्याचा आवाज आला की मी वर बघतो, छताकडे. बारीक आवाज आहे. मांजरीच्या पिल्लासारखा. विल्सन रडायचा तेव्हा चार घरं जागी व्हायची.

शुक्रवार, २७ मार्च

विल्सनने नाकात काडी घालून टेस्ट केली. कोविड नाही. मी आनंदाने जिन्यावरूनच ओरडलो, मी क्लीन आहे! ओरडल्याने खोकला आला तो थांबेचना. विल्सन जिन्याच्या टोकाला उभा राहून बघत होता. म्हणाला, क्लिनिकला जाऊ या का? मी नको म्हटलं. क्लिनिकला गेलो की छातीला नळी लावणार, आत ऐकणार. आत काय ऐकू येईल कोण जाणे.

खोकल्यावर उपाय माझ्याकडे आहे. आता सकाळ-संध्याकाळ दोन जास्तीचे झुरके. छातीला तेल कमी पडतंय.

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार.

चर्चमध्ये वाटलेली झावळी विल्सनने आणून दिली. चर्चला जायचं त्राण नव्हतं. खोकला कोरडा आहे. ही चांगली गोष्ट, ओला असता तर काळजी.

बुधवार, १ एप्रिल

दुपारी वर गेलो तर ज्युलियस हॉलमध्ये सरावाला लागले होते. बासमतीची पिशवी दोन्ही हातांवर आडवी घेऊन टीव्हीपासून सोफ्यापर्यंत संथ चालत होते. मान खाली, चेहरा पवित्र. मला बघून थांबले. म्हणाले, फक्त इन केस, व्याहीबुवा. तुमची तब्येत बरी नसली तर. मी म्हटलं, माझ्या तब्येतीला काय झालंय? ते म्हणाले, काही नाही, काही नाही. पण पिशवी खाली ठेवली नाही.

खाली आलो. मीही आट्याची पिशवी घेतली. ऊर्मीपेक्षा थोडीच जड असेल. जिना चढायला लागलो. अर्ध्यावर डोळ्यांपुढे काळं आलं. पिशवी छातीशी धरून पायरीवर बसलो. श्वास येत होता, पण पुरत नव्हता. असं वाटलं की खिडकी उघडी आहे आणि वारा आत यायला तयार नाही.

पिशवी हातातून सुटली नाही. एवढं तरी जमलं.

पण ती पिशवी नसती तर? मी बसलो तसा कुंडाकडे जाताना बसलो असतो तर?

नाही. बेसमेंटची हवाच वाईट आहे. चर्चमध्ये हवा भरपूर असते.

शुक्रवार, ३ एप्रिल. गुड फ्रायडे.

हट्टाने चर्चला गेलो. क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत सगळे भिंतीवरच्या पुढच्या चित्राकडे सरकत होते, मी बाकावर बसून राहिलो. येशूसुद्धा तीनदा पडला, असं मनाशी म्हटलं. लगेच लाज वाटली. त्याच्या पाठीवर क्रूस होता. माझ्या खिशात केळ्याची वाफ.

ज्युलियस येऊन शेजारी बसले. पाण्याची बाटली उघडून दिली. ते असे चांगले वागले की मला जास्त भीती वाटते.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर.

जेवणाला सगळे जमले. मला टेबलाच्या टोकाला, मास्क लावून. विल्सनने वाईन ओतली. मी ग्लासावर हात ठेवला. म्हटलं, मी नवसात आहे, एक थेंबही नाही. सगळ्यांना कौतुक वाटलं. ज्युलियस म्हणाले, मानलं बुवा.

अंगात ताप आहे असं वाटतं. वाटतं म्हणजे मी मोजला नाही. मोजला की आहेच असं होतं.

सोमवार, ६ एप्रिल

थोडंच लिहितो. बोट निळं दिसतंय. बाथरूमपर्यंत गेलो आणि परत येताना मध्ये थांबावं लागलं. माते, ही शिक्षा असेल तर मला दे, पोरीला नको. विल्सन खाली येतोय. त्याच्या पावलांवरून कळतंय की

मंगळवार, ७ एप्रिल. हॉस्पिटल.

वही व्हिव्हियनने आणून दिली, चष्म्याच्या पिशवीत टाकून. उघडून बघितली नसणार. ती तशी नाही. बघितली असती तर आणून दिली नसती.

नाकात नळी आहे. ऊर्मीला होती तशीच, फक्त मोठ्या मापाची.

काल विल्सनने मला अक्षरशः उचलून गाडीत घातलं. इथे छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण बाई आहे, नाव फार लांब, बोलायला सौम्य. तिने विचारलं, काय ओढता? मी म्हटलं, काही नाही. तिने फोटोकडे बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं. विल्सन म्हणाला, पप्पा. एवढंच म्हणाला. मी म्हटलं, केळं.

मग सगळं सांगितलं. सांगताना मध्ये मध्ये ठासून म्हटलं, नो अल्कोहोल, डॉक्टर, नॉट वन ड्रॉप. तिने पेन खाली ठेवलं. हळूहळू समजावून सांगितलं, विल्सन मराठीत सांगत होता. खाण्याच्या एसेन्समधलं काहीच फुफ्फुसांसाठी नसतं. दारूवालाही ओढायला नकोच होता, घसा जळत होता तो उगाच नाही. पण तेल पोटात गेलं तर पचतं, फुफ्फुसात गेलं तर तिथेच बसून राहतं. त्याला बाहेर यायला रस्ता नाही. त्याचा न्यूमोनिया होतो, तो झालाय. औषधाने सूज उतरेल. पूर्वीसारखं होईल का, ते आता सांगता येणार नाही.

मी विचारलं, रविवारपर्यंत होईल का?

विल्सनने हे तिला इंग्रजीत सांगितलंच नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

व्हिव्हियन आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पप्पा, तिची फुफ्फुसं मोठी व्हावीत म्हणून मी रोज एकेक दिवस काढला. तुम्ही तुमची कशाला घालवलीत? मग पिशवीतून डबा काढला, मऊ भात आणि वरण. चमच्याने भरवायला लागली. मी म्हटलं, मला हात आहेत. ती म्हणाली, हो, आहेत, ते कशाकशात घालता तेही कळलं.

घर सोडून जा म्हणाले नाहीत अजून. गॅरेज धुतलं म्हणाली. कोपऱ्यात, टायरांच्या मागे, भिंतीला चिकट थर बसला होता. भिंतीला एवढा, तर आत केवढा, असं तिने म्हटलं नाही. मीच म्हटलं, मनात.

हेमचंद्रांचा फोन आला. त्यांनी स्वतःची नळी फेकून दिली. म्हणाले, इनासभाऊ, मी तेव्हा तुमच्या हातातून बाटली हिसकून घ्यायला पाहिजे होती. मी म्हटलं, मी दिली नसती. ते म्हणाले, ते तर आहेच.

शुक्रवार, १० एप्रिल

डॉक्टरला पुन्हा विचारलं, खुर्चीवर बसवून चर्चमध्ये नेता येईल का? ऑक्सिजनची छोटी टाकी चाकांवर असते, मी कॉरिडॉरमध्ये एकाकडे बघितली आहे. तिने माझ्या बोटाला लावलेलं यंत्र बघितलं आणि नाही म्हणाली. नाही म्हणताना माझ्या हातावर हात ठेवला, म्हणून ते खरंच नाही आहे हे कळलं.

विल्सनने ज्युलियसना सांगितलं. ज्युलियस संध्याकाळी आले. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले. म्हणाले, इनास, मी नेतो, पण तुझ्या वतीने. पहिल्यांदाच एकेरीवर आले. मी म्हटलं, डोक्याखाली हात नीट ठेव. तांदळाला मान नसते.

रविवार, १२ एप्रिल

बाप्तिस्मा झाला.

विल्सनने व्हिडिओ कॉल लावून फोन ज्युलियसच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवला. कॅमेरा बाहेर राहील, चालताना त्यांना दिसतं ते मला दिसेल, अशी योजना. फोन खिशात खाली घसरला. मला अख्खा बाप्तिस्मा निळं कापड दिसलं. नर्सने माझ्यासाठी पलंग उंच केला, उशा लावल्या, स्वतःही बघायला थांबली. आम्ही दोघांनी मिळून कापड बघितलं. ती फिलिपिनो आहे, तिनेही क्रुसाची खूण केली.

पावलं ऐकू येत होती. ज्युलियसचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा, दमदार. मी मनात त्यांच्याबरोबर पावलं टाकत होतो, मग मला धाप लागली म्हणून थांबलो. ते चालत राहिले.

फादरनी नाव विचारलं. व्हिव्हियन म्हणाली, ऊर्मी. पाणी ओतल्याचा आवाज आला.

आणि ती रडली. असा टाहो फोडला तिने की फोनचा आवाज फाटला. कुणीतरी लहान मूल घाबरून, oh my God म्हणालं. लोक हसले. ती थांबेना. एकेका हुंदक्यात केवढा तो श्वास, आत, बाहेर, पुन्हा आत, कुठे अडत नाही, कुठे संपत नाही. दोन पलंग सोडून पलीकडचा म्हातारा उठून बसला.

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणायला गेलो. खोकला आला आणि तो तिकडे खिशातून सगळ्या चर्चला ऐकू गेला. मग ज्युलियसनेच फोन बंद केला असावा.

नर्स म्हणाली, strong lungs. मला वाटलं माझ्याबद्दल बोलतेय. नव्हती.